जादा भरले म्हणून दंड

मंडळी, आजचा विषय रुक्ष आहे हे आधीच कबूल करते. एचएसए, म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, आणि त्यात मर्यादेपेक्षा जास्त पैसे गेले तर अमेरिकेच्या टॅक्स रिटर्नमध्ये त्याचं काय करायचं. एवढं वाचून कुणी जांभई दिली असेल तर माझा राग नाही. पण इथे राहणाऱ्यांनी जरा थांबा, कारण तुमच्यापैकी दोघेही नोकरी करणाऱ्या घरांत हे होऊ शकतं आणि झालेलं कळतही नाही. आणि पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांनीही थांबा. मार्च-एप्रिलमध्ये तुमची मुलं फोनवर चिडचिडी का असतात त्याचं एक कारण तरी कळेल :-)

मला म्हणायचंय ते सरळ सांगते. एचएसएमध्ये जादा भरणा होणं हा हावरटपणा नाही, आणि बहुतेक वेळा निष्काळजीपणाही नाही. नियमच असा रचलाय की ज्याच्याकडे सगळ्यात कमी माहिती, त्याच्याच गळ्यात सगळा हिशेब. तो चुकला की सहा टक्के दंड, तोही एकदाच नाही, दरवर्षी. हा दंड अन्यायाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अन्यायाचा असला तरी "सहाच टक्के ना, राहू दे" म्हणून हातावर हात ठेवून बसणं हा दुसरा वेडेपणा आहे. माझं भांडण दोघांशीही आहे.

आधी हे खातं म्हणजे काय ते थोडक्यात. डिसेंबर २००३ मध्ये बुश यांनी मेडिकेअरच्या औषधांसंबंधी जो मोठा कायदा सही केला, त्यात हे खातं आलं आणि २००४ पासून सुरू झालं. तुमचा आरोग्य विमा मोठ्या डिडक्टिबलचा असेल, म्हणजे पहिले काही हजार डॉलर तुम्हीच भरायचे असा असेल, तर त्या खर्चासाठी बाजूला पैसे ठेवायला हे खातं. भरताना कर नाही, वाढीवर कर नाही, दवाखान्यासाठी काढले तर तेव्हाही कर नाही. तीनदा सूट! म्हणून आपल्याकडच्या पॉटलकमध्ये कुणीतरी एक दादा असतोच, जो हातात समोसा धरून सांगत असतो, "मॅक्स आउट कर, डोळे झाकून मॅक्स आउट कर."

डोळे झाकून हेच तर करायचं नसतं. कारण या खात्याला वर्षाची मर्यादा आहे. २०२५ साठी एकट्याचा विमा असेल तर ४,३०० डॉलर, कुटुंबाचा असेल तर ८,५५०. २०२६ साठी ४,४०० आणि ८,७५०. पंचावन्न वर्षांवरच्यांना आणखी १,०००. मालकाने घातलेले पैसेही यातच मोजायचे. इथपर्यंत सोपं आहे. गंमत पुढे आहे.

माझ्या नात्यातल्या एका जोडप्याचं उदाहरण देते. (त्यांना विचारून देतेय. नाव-गाव सांगणार नाही, ओळखलंत तर मनात ठेवा.) तिच्या कंपनीचा विमा तिला आणि दोन्ही मुलांना. त्याच्या कंपनीचा विमा फक्त त्याला. दोन्ही विमे मोठ्या डिडक्टिबलचे. तिच्या कंपनीच्या पानावर लिहिलेलं, तुमचा विमा कुटुंबाचा, तुम्ही कुटुंबाच्या मर्यादेपर्यंत भरू शकता. तिने भरले. त्याच्या पानावर लिहिलेलं, तुमचा विमा एकट्याचा, तुम्ही एकट्याच्या मर्यादेपर्यंत भरू शकता. त्याने भरले. दोघांनीही पानावर दिसलेला आकडा पाळला. सेंटभरही जास्त नाही.

पण कायदा म्हणतो की नवरा-बायकोपैकी एकाचा जरी विमा कुटुंबाचा असला तरी दोघांचाही कुटुंबाचा धरायचा, आणि दोघांत मिळून मर्यादा एकच. म्हणजे २०२५ मध्ये तिचे ८,५५० आणि त्याचे ४,३०० मिळून १२,८५० गेले, आणि चालणार होते फक्त ८,५५०. त्याचे सगळेच्या सगळे ४,३०० जादा.

हे त्यांनी २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तीन वर्षं केलं, कारण तीन वर्षं कुणी बोललंच नाही. तिची कंपनी त्याच्या कंपनीला ओळखत नाही. खातं सांभाळणारी संस्था फक्त एवढं बघते की एका खात्यात कुटुंबाची मर्यादा अधिक पंचावन्नवाल्यांचे हजार याच्यावर पैसे येत नाहीत ना. नवऱ्याचं किंवा बायकोचं दुसरीकडे काय चाललंय हे बघणं तिचं काम नाही, कायद्यानेच नाही. टॅक्स भरून देणाऱ्याने विचारलं, "एचएसए आहे का?" ते म्हणाले, "आहे." त्याने डब्ल्यू-२ वरचे आकडे उचलले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

आता सहा टक्क्यांकडे येऊ. २०२३ मध्ये एकट्याची मर्यादा ३,८५० होती, २०२४ मध्ये ४,१५०. पैसे खात्यातून काढले नाहीत, तर आधीचा जादा भरणा पुढच्या वर्षी तसाच उभा राहतो आणि त्यात नवा मिळतो. पहिल्या वर्षी ३,८५० वर सहा टक्के, २३१ डॉलर. दुसऱ्या वर्षी ८,००० वर, ४८०. तिसऱ्या वर्षी १२,३०० वर, ७३८. बेरीज १,४४९ डॉलर. आणि हा निव्वळ दंड झाला. जी सूट मिळायलाच नको होती ती परत करायची, म्हणजे त्या पैशांवरचा नेहमीचा आयकर वेगळा. चौथ्या वर्षी काहीच न करता बसले तर त्याच १२,३०० वर पुन्हा ७३८. "सहाच टक्के" म्हणणाऱ्या दादाला हा आकडा दाखवा, समोसा खाली ठेवील.

या घरात नंतर काय झालं ते सांगितल्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही. कागदपत्रांचं काम तिचं होतं. त्यामुळे दोष तिचा ठरला. पैसे भरले दोघांनी, पाने वाचली दोघांनी, पण "तू बघतेस ना हे सगळं?" हा प्रश्न एकीलाच. नातेवाइकांतही कुजबुज झाली, "एवढी इंजिनिअर, आणि एवढं कळू नये?" ती कित्येक दिवस कुणाशी धड बोलत नव्हती. पैशांचं दुःख तिला फारसं नव्हतंच. आपण मूर्ख ठरलो याचं होतं. ज्यांनी ती कुजबुज केली ते हे वाचणार आहेत याची मला कल्पना आहे. वाचा. ज्या बाईने पानावर लिहिलेला नियम तंतोतंत पाळला तिला तुम्ही बेजबाबदार म्हणालात.

दुसरं उदाहरण वयाने मोठ्या मंडळींचं. इथे सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेले आपले कितीतरी काका-मामा पासष्टीनंतरही नोकरी करतात. नोकरीचा विमा असतो, मेडिकेअर घेतलेलं नसतं, त्यामुळे एचएसएमध्ये पैसे भरणं अगदी नियमात बसतं. समजा अशा एखाद्या काकांनी सदुसष्टाव्या वर्षी, २०२५ च्या जुलैमध्ये मेडिकेअरसाठी अर्ज केला. तेव्हा मेडिकेअरचा पार्ट ए अर्जाच्या दिवसापासून लागू होत नाही, तो सहा महिने मागे जाऊन लागू होतो. (पासष्टीच्या मागे मात्र जात नाही.) म्हणजे जानेवारीपासून. आणि ज्या महिन्यात मेडिकेअर आहे त्या महिन्यात एचएसएमध्ये भरण्याचा हक्क शून्य. म्हणजे जानेवारी ते जून काकांनी भरलेला प्रत्येक डॉलर, जो भरला त्या दिवशी शंभर टक्के कायदेशीर होता, तो जुलैतल्या एका अर्जाने जादा ठरला!

यात काकांनी नेमकी कोणती बेपर्वाई केली? उत्तर असं देतात की अर्जाच्या सहा महिने आधी भरणा थांबवायचा असतो. बरोबर आहे. पण अर्ज करायचा आहे हे सहा महिने आधी ठरलेलं असेल तर ना! नोकरी अचानक गेली तर? आजारपण आलं तर?

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं घेऊ. ते मी टाळत नाही.

पहिलं म्हणणं: "नियम छापलेले आहेत, वाचायला काय झालं?" छापलेले आहेत, खरं आहे. पण जरा तारखा बघा. रिटर्न भरायची मुदत १५ एप्रिल. आणि तुमच्या खात्यात त्या वर्षासाठी एकूण किती गेले हे सांगणारा अधिकृत कागद, फॉर्म ५४९८-एसए, तो यायची मुदत मे महिन्याची अखेर! कारण असं की मागच्या वर्षासाठीचे पैसे १५ एप्रिलपर्यंत भरता येतात, त्यामुळे संस्थेला आधी पक्का आकडा देता येत नाही. कारण पटण्यासारखं आहे, पण परिणाम काय? परीक्षा एप्रिलमध्ये आणि पुस्तक मे महिन्यात. वर म्हणायचं, अभ्यास का नाही केला.

दुसरं म्हणणं: "दंड नसेल तर लोक मुद्दाम जास्त भरतील, कर न भरता पैसे वाढवत बसतील." यात तथ्य आहे आणि मी ते मान्य करते. बिनकराच्या खात्यात हक्क नसलेले पैसे वर्षानुवर्षं ठेवणाऱ्यावर काहीतरी आकारणी हवीच. पण मुद्दाम ठेवणारा आणि माहीतच नसलेला यांत फरक करायला नको? आज दोघांना एकच माप आहे. पहिल्यासाठी सहा टक्के कदाचित कमीच पडतील. दुसऱ्यासाठी मात्र ते चोर सोडून संन्याशाला सुळी आहे.

तिसरं म्हणणं: "दोन कंपन्यांना एकमेकींचं कसं कळणार? यात सरकार तरी काय करणार?" याचं उत्तर सरकारच्याच दुसऱ्या फॉर्मात आहे, आणि माझा खरा मुद्दा हाच आहे.

सोशल सिक्युरिटीचा कर घ्या. तो पगाराच्या ६.२ टक्के कापतात, पण ठराविक पगारापर्यंतच. २०२५ मध्ये ती मर्यादा १,७६,१०० डॉलर होती. वर्षात दोन नोकऱ्या झाल्या तर काय होतं? दोन्ही मालक आपापल्या पगारावर कापतात, एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं, आणि एकूण कापणी मर्यादेच्या वर जाते. रोग अगदी तोच आहे, दोन मालक आणि दोघेही एकमेकांबद्दल अंधारात. मग सहा टक्के दंड? छे! रिटर्नमध्ये एका ओळीत जादा कापलेली रक्कम लिहायची, ती तुमच्या करातून वजा होते किंवा परत मिळते. संपला विषय. पुढच्या वर्षी पुन्हा काही नाही.

कुणी म्हणेल, तो कर सक्तीचा आहे आणि एचएसए ऐच्छिक. ठीक. मग ऐच्छिक असलेलं ४०१(के) घ्या. दोन नोकऱ्यांत मिळून तुमचा वाटा मर्यादेबाहेर गेला तर १५ एप्रिलच्या आत काढून घ्यायचा. नाही काढला तर त्या पैशांवर दोनदा कर लागतो, तेही कडकच आहे. पण दरवर्षी उगवणारा सहा टक्क्यांचा दंड पगारातून गेलेल्या त्या तुमच्या जादा रकमेवर नाही.

आणि नातेवाईक मंडळी, आपलं पीपीएफ आठवा. वर्षाला दीड लाखाची मर्यादा. त्यात तुमचं आणि अज्ञान मुलाच्या नावाने तुम्ही चालवत असलेलं खातं मिळून एकच मर्यादा, म्हणजे गोंधळ व्हायला तिथेही जागा आहेच. पण जास्त भरले तर काय होतं? त्या जादा पैशांवर व्याज नाही, करसवलत नाही. चुकीचा फायदा मिळाला नाही, बस्स. चुकीचा फायदा काढून घेणं वेगळं आणि वर दरवर्षी काठी घालणं वेगळं, एवढी समज पोस्टाच्या खिडकीला आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. डब्ल्यू-२ वर बाराव्या चौकटीत डब्ल्यू अक्षरापुढे एचएसएचा आकडा असतो, तो आयआरएसकडे जातो. ५४९८-एसए ची प्रत आयआरएसकडे जाते. नवरा-बायकोचं रिटर्न एकत्र असेल तर दोघांचेही आकडे एकाच ठिकाणी असतात. माझ्या नात्यातल्या जोडप्याच्या तीनही वर्षांचे आकडे जर कुठे शेजारी-शेजारी ठेवता येण्यासारखे होते, तर ते तिथे. मग ज्याच्याकडे दोन्ही आकडे आहेत त्याने आधी पत्र पाठवावं, की तुमच्या खात्यात एवढे जादा आहेत, नव्वद दिवसांत काढा आणि त्यावरचा नेहमीचा कर भरा. पत्र मिळूनही काढले नाहीत, तर खुशाल सहा टक्के लावा. दहा लावा. आणि मेडिकेअर मागे गेल्यामुळे जे पैसे जादा ठरतात त्यांच्यावर तर दंड असूच नये. एखाद्या कृतीला ती झाल्यानंतर बेकायदा ठरवायचं आणि वर दंड लावायचा, हे कुठल्याच न्यायात बसत नाही.

"आयआरएसला कुठे कळतंय, गप्प बसा" असं सांगणारेही आहेत. एक तर वर सांगितलं तसे आकडे त्यांच्याकडे आहेतच. पत्र आलं नाही म्हणजे देणं बुडालं असं नव्हे, ते वाढत जातं. आणि दुसरं, मी इथे नियमाविरुद्ध भांडतेय ते उघड. लपवाछपवी करणाऱ्याला भांडायचा हक्क राहत नाही.

आता नुसतं भांडून भागत नाही, म्हणून काय करायचं तेही लिहिते.

जादा भरणा झालाय हे मुदतीच्या आत कळलं, तर दंड पूर्ण टळतो. मुदत म्हणजे १५ एप्रिल, आणि मुदतवाढ घेतली असेल तर १५ ऑक्टोबर. खातं सांभाळणाऱ्या संस्थेला स्पष्ट सांगायचं की मला जादा भरणा परत हवाय. त्यासाठी त्यांचा वेगळा फॉर्म असतो. नेहमीसारखे पैसे काढू नका! ते साधं बिगर-वैद्यकीय काढणं धरलं जाईल, आणि त्यावर आयकर अधिक वीस टक्के. जादा रकमेवर जी काही कमाई झाली असेल तीही सोबत काढावी लागते. तो हिशेब संस्था करून देते, आणि ती कमाई ज्या वर्षी काढली त्या वर्षीचं उत्पन्न म्हणून दाखवायची. मूळ जादा रक्कम पगारातून कर न लागता गेली असेल तर ती ज्या वर्षासाठी भरली त्या वर्षाचं उत्पन्न म्हणून दाखवायची. स्वतः बाहेरून भरली असेल तर फॉर्म ८८८९ वर तिची वजावट घ्यायची नाही.

रिटर्न वेळेवर भरून टाकलं आणि मग कळलं, तरी जीव टांगणीला लावू नका. मूळ मुदतीपासून सहा महिने, म्हणजे १५ ऑक्टोबरपर्यंत काढता येतात, फक्त सुधारित रिटर्न भरावं लागतं. ही सवलत ज्यांना सगळ्यात जास्त गरज असते त्यांनाच कुणी सांगत नाही.

तीही मुदत गेली असेल तर फॉर्म ५३२९ भरून त्या वर्षाचे सहा टक्के द्यायचे, आणि पुढच्या वर्षी खात्यात मुद्दाम कमी भरायचं. जेवढी जागा रिकामी ठेवाल तेवढा जुना जादा भरणा त्यात जिरतो. वरच्या जोडप्याने हे सगळं जुनं १२,३०० तसंच ठेवून २०२६ मध्ये दोघांनी मिळून एक पैसाही भरला नाही, तर ८,७५० जिरतील. उरलेल्या ३,५५० वर सहा टक्के, म्हणजे २१३ डॉलर, आणि ते ३,५५० २०२७ मध्ये जिरवता येतील. अर्थात दोघांचेही विमे एचएसएला चालणारे राहिले तरच. २०२५ चे ४,३०० मुदतीत काढून घेतले तर मागे फक्त ८,००० राहतात आणि ते २०२६ मध्येच संपतात. नुसत्या एका फॉर्मने एवढा फरक पडतो.

कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीवाल्यांसाठी एक टीप. (म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी!) ही दोन्ही राज्यं एचएसएची सूट मानतच नाहीत. त्यामुळे राज्याचं रिटर्न वेगळं जुळवावं लागतं, केंद्राचे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

आणि एक सापळा राहिलाच. नवरा किंवा बायको यांच्यापैकी एकाने ऑफिसात साधं हेल्थ एफएसए घेतलं असेल, आणि त्यातून दुसऱ्याचाही औषधखर्च मिळू शकत असेल, तर त्या दुसऱ्याला एचएसएमध्ये भरण्याचा हक्कच राहत नाही. मग मर्यादा वगैरे सोडा, भरलेले सगळेच जादा.

असो. खूप लांबलं. ओपन एनरोलमेंटच्या वेळी दोघांनी पाच मिनिटं एकत्र बसा आणि दोन्ही कंपन्यांच्या पानांवरचे आकडे एकाच कागदावर लिहा. एकट्याने नाही, दोघांनी. तुमच्याकडे कुणाचा असा जादा भरणा निघाला, तर पहिलं वाक्य "तू बघितलं नाहीस का?" असं नको. "चल, फॉर्म मागवू" असं असू दे.